क्रॉसबो, आग्नेय आशियातील डोंगरी

व्हिएतनाम, लाओस, थायलंड, म्यानमार आणि चीनचा युन्नान प्रांत यांच्या डोंगराळ भागांत राहणाऱ्या ह्मोंग, लिसू, लाहू, जराई, एदे इ. लोकांचे पारंपरिक शिकारी शस्त्र. लाकडी दांड्याच्या पुढच्या टोकाशी आडवी बसवलेली कमान, दांड्याच्या पाठीवर दोरी अडकवण्यासाठी कोरलेली खाच आणि त्या खाचेतून दोरी वर उचलणारा चाप, एवढाच त्याचा पसारा. धातूचा एकही भाग न वापरता ते पूर्ण करता येते. कोयता, सुरी आणि भोके पाडायला तापवलेली सळई हाताशी असली की अनुभवी माणसाला दुसऱ्या हत्याराची गरज पडत नाही.

चीनमधील कांस्याच्या कुलपाच्या (ताणलेली दोरी धरून ठेवणाऱ्या व सोडणाऱ्या यंत्रणेच्या) क्रॉसबोची ही गरिबाघरची नक्कल, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते चुकीचे आहे. फरक कुलपाच्या तत्त्वातच आहे. चिनी क्रॉसबोत ताणलेली दोरी कांस्याच्या आकड्याला अडकते आणि तिचा सगळा भार त्या आकड्यावर व त्याच्या खिळ्यांवर येतो, म्हणून ओतीव धातू लागतो. युरोपीय क्रॉसबोत हेच काम शिंगाची फिरती गोटी करते. डोंगरी क्रॉसबोत दोरीचा भार थेट दांड्याच्या लाकडावर, खाचेच्या पुढच्या भिंतीवर पडतो. चापावर भार जवळजवळ नसतोच. दोरीला तिच्या जाडीइतके वर ढकलणे एवढेच चापाचे काम, आणि म्हणूनच तो हाडाचा, शिंगाचा किंवा कठीण बांबूचा असला तरी वर्षानुवर्षे टिकतो. हे तत्त्व मध्य आफ्रिकेच्या पश्चिम भागातील फांग लोकांच्या क्रॉसबोतही दिसते. तिथे मात्र दांडा लांबीत चिरलेला असतो आणि खालच्या फाळीवरची खुंटी दोरी उचलते.

नाव व प्राचीनता : थाई भाषेत याला ‘ना माय’, व्हिएतनामीत ‘नो’, तर ह्मोंग भाषेत ‘ह्नेंग’ म्हणतात. चिनी भाषेतील ‘नू’ हा शब्द या नावांशी इतका जुळतो, की जेरी नॉर्मन आणि मेई त्सू-लिन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये तो दक्षिणेकडील ऑस्ट्रोआशियाई (व्हिएतनामी, ख्मेर इ.) भाषांतून चिनीत गेला असावा, असे मत मांडले. शब्द गेला म्हणजे वस्तूही तिकडूनच गेली हे त्यातून सिद्ध होत नाही, पण डोंगरी लोकांना केवळ अनुकरण करणारे मानण्याला त्याने चांगलाच धक्का बसतो. हनोईजवळच्या को लोआ या प्राचीन किल्ल्यापाशी १९५९ मध्ये कांस्याच्या बाणाग्रांचा हजारोंचा साठा सापडला. त्याच किल्ल्याशी आन दुओंग व्युओंग राजाची दंतकथा जोडलेली आहे. सोनेरी कासवाने त्याला आपले नख दिले आणि त्याचा चाप बसवलेला क्रॉसबो अजिंक्य ठरला. कथेतले सारे सामर्थ्य कमानीत नसून चापात आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कंबोडियात बायोन मंदिराच्या भिंतींवरील शिल्पपटांत हत्तीच्या पाठीवर चढवलेले दुहेरी कमानीचे क्रॉसबो कोरलेले आहेत.

दांडा : सरळ तंतूंचे, कठीण व पूर्ण मुरलेले लाकूड निवडतात. दांड्याची लांबी साधारण ६० ते ९० सेंमी. असते. वरच्या पाठीवर बाणासाठी उथळ पन्हळ कोरतात. पुढच्या टोकापासून काही अंतर सोडून कमानीसाठी आरपार चौकोनी खोबण पाडतात. ही खोबण पाठीपासून किती खाली असावी, यावर बरेच अवलंबून असते. ती थोडी खाली असली की ताणलेली दोरी दांड्यावर हलकी दाबून राहते व खाचेत नीट बसते. फार खाली गेली, तर दोरी दांड्याला घासत धावते, बाणाचा वेग मारला जातो आणि दोरी मध्यभागी लवकर झिजते. उलट खोबण पाठीच्या फार जवळ आली, की दोरी उसळून बाणाच्या डोक्यावरून निघून जाते आणि बाण जागेवरच पडतो. खोबणीच्या पुढे पुरेसे लाकूड न सोडणे ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे. अशा दांड्याचे तोंड पहिल्या काही नेमांतच लांबीत चिरते.

खाच व चाप : खाचेची खोली दोरीच्या जाडीइतकी किंवा किंचित कमी ठेवतात. तिची पुढची भिंत उभी आणि गुळगुळीत हवी. ती पुढे कलली तर दोरी आपोआप निसटते, मागे कलली तर चाप कितीही ओढला तरी दोरी सुटायला कुरकुर करते. खाचेखाली दांड्यात उभी चीर पाडून तिच्यात चाप बसवतात. चापाच्या आडव्या खुंटीची जागा खाचेच्या पुढे असते आणि चापाचे डोके खुंटीच्या मागे, दोरीच्या खाली येते. दांड्याखाली लोंबणारी शेपटी मागे ओढली की डोके वर येते आणि दोरी भिंतीवरून उचलली जाते. चाप चिरेत सैल हलायला हवा, पण कडेला डुगडुगता कामा नये. तो तिरका झाला, तर दोरीची एक बाजू आधी सुटते आणि बाण त्याच्या विरुद्ध बाजूला फेकला जातो. खुंटीचे भोक कडेच्या फार जवळ पाडले, तर चीर तिथूनच वाढत जाते.

वापराने खाचेची पुढची कड गोल होत जाते. हा या शस्त्रातला सर्वांत धोकादायक बिघाड होय, कारण ताणलेला क्रॉसबो मग नुसता हलवला तरी सुटतो. कड सुरीने पुन्हा उभी करता येते. मात्र तसे करताना खाच दर वेळी थोडी पुढे सरकते, आणि चापाचे डोके दोरीखाली येईनासे झाले की नवी खाच व नवी चीर पाडावी लागते. काही ठिकाणी खाचेच्या जागी हाडाची पट्टी बसवून ही झीज टाळतात.

कमान : ह्मोंग व लिसू लोकांच्या मोठ्या क्रॉसबोची कमान १ मीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब असते, तर व्हिएतनामच्या मध्य पठारावरील अनेक कमानी त्यापेक्षा आखूड असतात. युन्नानमधील लिसू लोक त्यासाठी रानतुतीचे लाकूड सर्वोत्तम मानतात. लाकूड फाडून घेतात, करवतत नाहीत. फाडताना चीर तंतूंच्या मागोमाग जाते, करवत त्यांना तोडते, आणि तुटलेल्या तंतूपाशीच कमान मोडते. फळी चुलीवरच्या माळ्यावर धुरात महिनोन्‌महिने सुकवतात. मग मध्यभाग जाड ठेवून कमानीचे दोन्ही हात, म्हणजे मध्याच्या दोन बाजू, टोकांकडे निमुळते करत आणतात. एका वेळी पातळ साल काढायची, कमान थोडी वाकवून पाहायची, ताठ राहणाऱ्या जागी पुन्हा तासायचे. दोन्ही हात सारखे वाकेपर्यंत हे चालते. एक हात मऊ राहिला, तर दोरी मध्यावरून सरकते आणि बाण सदैव एकाच बाजूला जातो. दांडा कितीही सरळ असला तरी हा दोष त्याने भरून निघत नाही. ओली कमान वाकते, पण वाकलेलीच राहते, जोर धरत नाही. तयार कमान खोबणीत सरकवून लाकडी पाचरीने घट्ट करतात. प्रवासात पाचर काढून कमान वेगळी करता येते.

दोरी : भांगेच्या झाडाचा वाख हे ह्मोंग लोकांचे नेहमीचे साहित्य. कापडासाठी ते हीच भांग लावत आले आहेत. वाखाच्या पदरांना पीळ देऊन दोरी वळतात आणि तिला मेण चोळतात. वाख ताणला तरी फारसा लांबत नाही, हा त्याचा खरा गुण आहे. पावसाळ्यात मेण कमी पडले, तर दोरी पाणी पिऊन जड होते आणि खाचेत फुगून अडकते. अलीकडे नायलॉन सर्रास वापरतात. तो सडत नाही, पण ताणाखाली लांबतो, आणि बारीक घेतला तर खाचेची कड करवतीसारखा कापतो.

बाण : बांबूचा, २० ते ४० सेंमी. लांबीचा आणि पेन्सिलीहून बारीक. टोक तासून विस्तवावर कडक करतात. बुडाला खाच नसते, ते सपाट कापतात. पिसांऐवजी बांबूच्या किंवा ताडवर्गीय झाडाच्या पानाचा घडी घातलेला त्रिकोण बुडाजवळच्या चिरेत खुपसतात. हा त्रिकोण आडवा असतो, म्हणजे तो दांड्याच्या पाठीवर सपाट पडतो आणि पन्हळीत घासत नाही. बाण खाली घसरू नये म्हणून पन्हळीत मेणाचा कण लावतात. बाणाचे बूड खाचेच्या पुढच्या कडेला टेकलेले हवे. मध्ये अंतर राहिले, तर दोरी बाणाला ढकलण्याऐवजी ठोकते, आणि बूड फुटते. बाण न लावता चाप ओढू नये, कारण बाणाला मिळायचा जोर मग कमानीतच परततो व ती तडकते.

ताणणे व नेम : कमानीच्या दोन्ही हातांवर पाय ठेवून, वाकून किंवा बसून, दोन्ही हातांनी दोरी खाचेपर्यंत ओढतात. दोरी ओढणारे हात तिच्या मध्यापासून समान अंतरावर असावे लागतात. हलकी कमान असल्यास दांड्याचे बूड पोटाला टेकवून ताणतात. ताणलेला क्रॉसबो घेऊन दिवसभर हिंडत नाहीत. लाकूड त्या वाकात बसून जाते आणि संध्याकाळपर्यंत जोर उतरतो. दांडा आखूड असल्याने तो खांद्याला न लावता गालाशी धरून नेम घेतात. बंदुकीला असते तशी माशी (नेम धरण्यासाठीची खूण) नसते, बाणाच्या रेषेवरच नजर लावायची. पक्षी, खारी, माकडे यांची शिकार बहुधा ३० मीटरच्या आत होते. आवाज फारसा नसल्यामुळे नेम चुकला तरी थवा उठतोच असे नाही, हा ठासणीच्या बंदुकीच्या तुलनेत मोठा फायदा.

मोठ्या जनावरासाठी विषारी बाण वापरत. सखल रानांत अँटिॲरिस टॉक्सिकॅरिया या वृक्षाचा चीक आणि थंड डोंगरांत बचनागाच्या जातींची मुळे ही विषाची दोन मुख्य साधने. दोन्ही विषे हृदयावर आघात करतात. जखमेभोवतालचे मांस कापून टाकण्याची रीत आहे आणि विषाचे बाण झाकणाच्या वेगळ्या बांबूनळीत ठेवतात. हाच वृक्ष सह्याद्रीत चांदकुडा म्हणून ओळखला जातो. पश्चिम घाटात मात्र त्याची ख्याती विषापेक्षा सालीसाठी होती, कारण ती अखंड सोलून तिच्या पिशव्या करीत.

भारतात हे शस्त्र नागा टेकड्यांच्या पूर्व भागातील काही जमातींकडे आणि निकोबार बेटांवर आढळत आले आहे.

समाजातील स्थान : ह्मोंग अंत्यविधीत मृत पुरुषाच्या वाटेवरील सोबतीसाठी क्रॉसबो ठेवण्याची प्रथा आहे. १९६१ मध्ये दक्षिण व्हिएतनाममधील बुऑन एनाओ या एदे लोकांच्या गावात अमेरिकी मदतीने ग्रामरक्षण योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या रक्षकांच्या हाती क्रॉसबो व भालेच होते. पुढे युद्धकाळात सैनिकांना विकण्यासाठी असंख्य क्रॉसबो तयार झाले. चीन व व्हिएतनाममध्ये अल्पसंख्याक जमातींच्या क्रीडास्पर्धांत उभ्याने व गुडघा टेकून नेम मारण्याचे प्रकार आजही होतात. शिकारबंदी आणि जंगलतोड यांमुळे रोजच्या वापरातून मात्र हे शस्त्र झपाट्याने मागे पडले आहे.

संग्रहालयांत व बाजारात दिसणारे बरेचसे नमुने केवळ विक्रीसाठी केलेले असतात. ते ओळखायला कोरीव काम पाहून उपयोग नाही. खाचेच्या पुढच्या कडेवर दोरीने घासून पडलेली चकाकी आहे का, चापाचे डोके खरोखर दोरीच्या उंचीपर्यंत उठते का, आणि कमान करवतलेली आहे की फाडलेली, हे तपासावे. दिखाऊ नमुन्यात खाच बहुधा कोरी असते आणि चाप ओढला तरी दोरी जागची हलत नाही.