छापणं जमलं, रक्त पोचवणं बाकी आहे

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या मंडळींच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड फिरत होता: 'आता हृदय प्रिंटरवर छापून मिळणार, अवयवदानाची गरज संपली!' यातला पहिला भाग अगदीच निराधार नाही. दुसरा साफ चुकीचा आहे. का, ते मार्क स्कायलर-स्कॉट या संशोधकाच्या कामावरून फार छान समजतं.

अमेरिकेतल्या एमआयटीत पीएच.डी., मग हार्वर्डमध्ये जेनिफर लुईस यांच्या प्रयोगशाळेत काम, आता स्टॅनफर्डमध्ये स्वतःची प्रयोगशाळा. हृदय छापायचं तर त्यांच्यापुढचा खरा प्रश्न हा: जाड ऊतीच्या पोटातल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचवायचा कसा?

रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन विसरणाने, म्हणजे रेणूंच्या दिशाहीन भटकण्यातून पुढे सरकतो. या भटकण्याचं गणित असं, की अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो. पाण्यात ०.१ मिलिमीटर सरकायला ऑक्सिजनला साधारण अडीच सेकंद पुरतात. १ सेंटिमीटर म्हणजे शंभरपट अंतर, म्हणून दहा हजारपट वेळ: जवळजवळ सात तास! शिवाय वाटेतल्या पेशी तो वापरून टाकतात ते वेगळंच. म्हणूनच शरीरातल्या बहुतेक पेशी केशवाहिनीपासून ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आत असतात. दिंडोरीच्या द्राक्षबागेत ठिबकची नळी वेलीच्या बुडापर्यंत न्यावी लागते. बांधाशी शेततळं भरलेलं असून भागत नाही. तसंच हे.

२०१९ मध्ये लुईस यांच्या गटाने, स्कायलर-स्कॉट त्यात आघाडीवर, छपाईचा क्रमच उलटा केला. पेशींचा एकेक थर रचत बसण्याऐवजी आधी मूलपेशींपासून, म्हणजे ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडवता येतात अशा पेशींपासून, लाखो सूक्ष्म गोळे वाढवले आणि कोलाजेन या प्रथिनाच्या थंड द्रवात दाबून बसवले. एका मिलिलिटरमध्ये सुमारे २० कोटी पेशी! हा लगदा थंड असताना इतका मऊ असतो की त्यात सुई फिरवता येते, आणि सुई पुढे गेली की मागची भेग आपोआप मिटते. ती सुई मागे जिलेटिनची रेघ सोडत जाते. मग सगळं ३७ अंशांपर्यंत तापवायचं. कोलाजेन उष्णतेने घट्ट होतं, तर त्याच कोलाजेनपासून बनणारं जिलेटिन उष्णतेने वितळतं. वितळलेलं जिलेटिन धुऊन काढलं की घट्ट ऊतीत पोकळ नळी उरते! तिच्यातून ऑक्सिजनयुक्त पोषकद्रव खेळवला, आणि हृदयपेशींची अशी ऊती सात दिवस धडधडत राहिली.

पण या नळ्या केशवाहिन्यांच्या मानाने फारच जाड. इतक्या बारीक वाहिन्या सुईने काढणं अशक्यप्राय, त्या पेशींनीच विणायला हव्यात. इथे जनुक अभियांत्रिकी येते. मूलपेशीत ईटीव्ही२ हे जनुक चालू केलं की ती रक्तवाहिनीच्या अस्तराची पेशी होते. त्याला बटण जोडलं जातं ते जिवाणूकडून उसनं घेऊन सुधारलेल्या एका प्रथिनाचं. डॉक्सिसायक्लिन हे औषध चिकटलं की त्या प्रथिनाचा आकार बदलतो, ते डीएनएला धरतं आणि जनुक चालू होतं. हो, लेप्टोवर डॉक्टर देतात तेच डॉक्सिसायक्लिन. एरवी प्रत्येक प्रकारच्या पेशीला घडताना वेगळा पोषकद्रव लागतो, त्यामुळे त्या एकत्र घडवता येत नाहीत. २०२२ मध्ये स्कायलर-स्कॉट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की काही मूलपेशींत ईटीव्ही२ आणि काहींत चेतापेशी घडवणारं एनजीएन१ असं बटण बसवलं, तर एकाच द्रवात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी घडतात.

'मूलपेशींच्या इंजेक्शनने गुडघे नवे' अशा जाहिरातींना भुलणाऱ्यांनी ही मेहनत जरूर पाहावी. रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर मूलपेशी उपचार देऊ नयेत, असं आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आणि आपल्याकडे डायलिसिसवरच्या रुग्णाला आज मूत्रपिंड मिळतं ते माणसाकडूनच. तेव्हा अवयवदानाचा फॉर्म भरला नसेल तर भरा.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या आर्पा-एच या सरकारी संस्थेने स्टॅनफर्डच्या गटाला २ कोटी ६३ लाख डॉलर मंजूर केले. उद्दिष्ट: पाच वर्षांत छापलेलं हृदय डुकरात बसवणं. तिथे परीक्षा फक्त धडधडण्याची नाही. प्रत्येक वाहिनीला आतून अस्तरपेशींचा सलग थर हवा. तो जिथे तुटेल तिथे रक्त गोठू लागेल, वाहिनी तुंबेल, आणि पलीकडच्या स्नायूला पुन्हा त्याच विसरणावर दिवस काढावे लागतील.