पानी त उना, पन वल कोठे शे?

मे 2025 च्या शेवटी आमच्याकडे, अमळनेर तालुक्यात, असा काही पाऊस झाला की गावातल्या दोन-तीन जणांनी आभाळाकडे बघून सरळ सरकीच्या पिशव्या फोडल्या. बातम्या पण तशाच होत्या ना, मान्सून 24 मे ला केरळात, 26 ला मुंबईत, म्हणजे मुंबईत तर तब्बल सोळा दिवस आधी. शेजारचे काका म्हणे यंदा लवकर लावतो, दसऱ्याला कापूस घरात. आमचे आबा खुरपं घेऊन वावरात गेले, वीतभर खणलं. वर चार बोटं ओली काळी माती, खाली नुसता फुफाटा, तोही गरम. "पानी त उना, पन वल कोठे शे?" (पाऊस तर आला, पण ओल कुठे आहे?) एवढं बोलून घरी येऊन झोपले. मला तेव्हा रागच आला होता, खरं सांगतो.

मग मान्सून जो थबकला तो दोन आठवड्यांहून जास्त पुढे हललाच नाही. काकांची सरकी उगवली, दोन पानं काढली आणि करपली. दुबार पेरणी.

मला आधी वाटायचं बी म्हणजे बटण, पाणी लागलं की चालू. पण कोरडं बी तीन टप्प्यांत पाणी घेतं. पहिल्या टप्प्यात ते भसाभसा ओढतं, आणि हे मेलेलं बी पण करतं बरं का, जुनी सरकी भिजवली तरी फुगते आणि माणूस फसतो. दुसऱ्या टप्प्यात पाणी ओढणं जवळजवळ बंद, बाहेरून बघाल तर काहीच चालू नाही, पण आत कामाची नुसती धांदल, साठवणीत खराब झालेला डीएनए दुरुस्त होतोय, एन्झाइम जागे होतायत, साठवलेलं तेल आणि प्रोटीन फोडायची तयारी चाललीय. तिसऱ्यात मूळ टरफल फोडून बाहेर येतं. आता खरी मेख इथे आहे, दुसऱ्या टप्प्यात बी परत वाळलं तरी बहुतेक वेळा त्याचं फार बिघडत नाही, उलट बी भिजवून सावलीत सुकवून पेरलं की लवकर उगवतं ते याच्यामुळेच, कारण निम्मं काम आधीच झालेलं असतं. पण एकदा मूळ बाहेर पडलं की वाळणं सोसायची ताकद संपली, तिथून मागे फिरता येत नाही. काकांच्या सरकीला चार बोटं ओलीने तिसऱ्या टप्प्यापर्यंत नेलं आणि तिथे सोडून दिलं.

कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडतो की 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, त्याचा अर्थ हाच. तेवढ्या पावसाने ओल खालपर्यंत जाते, मूळ खाली उतरत जाईल तसतशी त्याला भेटत राहते.

आणि हवामान खातं तरी कुठे एका सरीवर विश्वास ठेवतं? केरळात मान्सून आला असं जाहीर करायला त्यांची 14 ठिकाणं ठरलेली आहेत, मिनिकॉयपासून मंगळूरपर्यंत. 10 मे नंतर त्यातल्या निदान 60 टक्के ठिकाणी लागोपाठ दोन दिवस 2.5 मिमी किंवा जास्त पाऊस पाहिजे, वर पश्चिमेचे वारे पुरेशा उंचीपर्यंत पाहिजेत आणि ढगांची खूण सॅटेलाइटवर दिसली पाहिजे. हे सगळं जुळलं तरच. आबांचं खुरपं म्हणजे याचीच गरिबाघरची आवृत्ती.

उशिरा पेरण्याचा एक फायदा तर मला फार उशिरा कळला. गुलाबी बोंडअळी थंडीत सरकीत नाहीतर पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या उभ्या झाडावर, राहिलेल्या बोंडात झोपून राहते आणि उन्हाळा सरताना हवा दमट झाली की पतंग होऊन बाहेर येते. पतंगाचं आयुष्य जेमतेम एक-दोन आठवडे. तेवढ्यात आजूबाजूला कपाशीला पात्या (कळ्या) आणि फुलं नसली तर अंडी घालायची कुठे, ती पिढी तिथेच बाद. म्हणून तर मध्ये काही वर्षं सरकारने जूनच्या आधी बीटी कपाशीचं बियाणं विकायला बंदी घातली होती. आमच्याकडच्या ठिबकवाल्यांना हे पटत नाही, आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही, मे मध्ये लावलेला कापूस लवकर निघतो आणि रब्बीला वावर मोकळं होतं. पण त्यांच्या पात्या पतंगाला आयत्या मिळतात आणि पुढे अळी आमच्या कोरडवाहूत येते, हे कोणी बोलत नाही.

माणसाचं शरीर पण बियासारखंच आहे, आतली तयारी व्हायला वेळ लागतो. 2025 च्या आदल्या वर्षी पुतण्या पुण्यातली नोकरी सोडून गावी आला, ऐन मे मध्ये, पारा 44-45 ला. पहिल्याच दिवशी दिवसभर काडीकचरा वेचायला गेला आणि दुपारी बांधावर चक्कर येऊन पडला. माय म्हणे पोरगं नाजूक झालं. नाजूक वगैरे काही नाही, दोन वर्षं एसीत बसलेलं शरीर उन्हाला सरावायला 7 ते 14 दिवस घेतंच. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळे हृदयाची धडधड कमी होते, मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, आणि घामातून मीठ कमी जायला लागतं. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संस्थेची शिफारसच आहे की उन्हात नवीन माणसाला पहिल्या दिवशी फक्त 20 टक्के काम द्यायचं आणि रोज 20-20 टक्के वाढवायचं. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवा सालदार (वर्षभराचा गडी) लागतो तोही भर उन्हात, त्याला कोण 20 टक्के काम देतो सांगा! आयुर्वेदात ऋतुसंधी म्हणून जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्याचे पहिले सात असे चौदा दिवस सांगितलेत, जुनं हळूहळू सोडा, नवं हळूहळू धरा. आकडा जुळतो म्हणून मी लगेच उड्या मारणार नाही, पण हळूहळूचं पटतं.

पुतण्याने मग सकाळी सहा ते आठ एवढंच काम धरलं, रोज थोडं थोडं वाढवलं. सुरुवातीला त्याच्या शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटायचे, माय धुताना बडबडायची. दहा-बारा दिवसांनी एकदा तिने शर्ट उलटा-पालटा करून बघितला आणि विचारलं, "आज वावरात गेला नव्हता का रे?"

गेला होता, दुपारी एकपर्यंत.