पाच गायक, एक पियानो आणि फॅट्‌स वॉलर

‘एन्ट मिसबिहेव्हिन’ हा पियानोवादक-संगीतकार फॅट्‌स वॉलरच्या जुन्या जॅझ गाण्यांचा हसताखेळता प्रयोग अमेरिकेतल्या छोट्या नाट्यसंस्था आजही आवडीने बसवतात. पाच गायक-नट, रंगमंचावरच पियानो, साथीला मोजके वादक. काम स्वस्तात होतं हे खरंच, पण हा आटोपशीरपणा मुळात गाण्यांचाच आहे.

फॅट्‌स वॉलर (१९०४–१९४३) न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. तिथे १९२०च्या दशकात भाडं थकलं की लोक घरातच पार्टी ठेवत. येणाऱ्याने थोडे पैसे द्यायचे, पियानोवाल्याने रात्रभर नाचवायचं. खोलीत ड्रमला जागा कुठली? मग डावा हात खालच्या एका सुरावरून वरच्या स्वरमेळावर उडी मारून परत खाली येत ठेका धरायचा आणि उजवा सुरावटीशी खेळायचा. ही ‘स्ट्राइड’ शैली वॉलर जेम्स पी. जॉन्सनकडे शिकला. वाजवताना भुवया उडवत, मधेच शेरे मारत तो हशाही वसूल करायचा.

शीर्षकगीत १९२९च्या ‘हॉट चॉकलेट्स’ या रिव्ह्यूमधलं, म्हणजे गाणी-नाच-विनोदाच्या कार्यक्रमातलं, शब्द अँडी राझाफचे. त्याच रिव्ह्यूत ‘ब्लॅक अँड ब्लू’ होतं. उजळ रंगाच्या बायकांपुढे आपल्याला कुणी विचारत नाही, ही एका काळ्या स्त्रीची तक्रार. जॅझ गायक-ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगने सुरुवातीचं कडवं गाळून ते रेकॉर्ड केलं आणि तक्रार एकटीची न राहता सगळ्या समाजाची झाली.

१९७०च्या दशकात ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांत, जुन्या गाण्यांची लाटच होती. रिचर्ड मॉल्टबी ज्युनिअर आणि मरी हॉर्विट्झ यांनी वॉलरची गाणी निवडली, पण त्याचं चरित्र मांडायचा मोह टाळला. माझ्या मते प्रयोग टिकला तो यामुळेच. कथानक नाही, भांडण, लाडीगोडी, टवाळी सगळं गाण्यांतच. दुसऱ्या अंकात एकमेकांची यथेच्छ टर उडवून झाल्यावर पाचही जण ‘ब्लॅक अँड ब्लू’ला येतात, तेव्हा मघाशी हसलेला प्रेक्षक चांगलाच कचाट्यात सापडतो.

१९७८च्या सुरुवातीला मॅनहॅटन थिएटर क्लबच्या छोट्या कॅबरे-नाट्यगृहात हे सुरू झालं, मे महिन्यात ब्रॉडवेवर गेलं. १,६०४ प्रयोग झाले. सर्वोत्कृष्ट म्युझिकलचं टोनी हे ब्रॉडवेचं मानाचं पारितोषिक मिळालं, पाच गायकांपैकी नेल कार्टर आणि दिग्दर्शक मॉल्टबी यांनाही. पियानोवर होता संगीतसंयोजक ल्यूथर हेंडरसन. बसवणाऱ्यांचं घोडं आजही तिथेच अडतं: पाच गायक मिळतात, रात्रभर स्ट्राइड ओढणारा पियानोवादक शोधावा लागतो.