कमजोरी वेगळी अन् थकवा वेगळा, कॅन्सरच्या ट्रीटमेंटनंतर हे दोन एकात घालू नका

आमच्या घरी दोन वर्षांत दोन कॅन्सर झाले. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, तोंडाचा, चाळीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला, दुसरं काय होणार, अन् मोठ्या जाऊबाईंना छातीचा, म्हणजे स्तनाचा. नागपूरच्या चकरा मारून मारून दोघांची ट्रीटमेंट कशीबशी संपली अन् मग घरात एकच वाक्य सुरू झालं, "ताकदच नाही वो अंगात." मामाजीही तेच म्हणत, जाऊबाईही तेच, म्हणून आम्हीही दोघांचं एकच करायचो, पडून राहा म्हणायचो अन् पंधरा दिवसांनी गावातल्या डॉक्टरकडे नेऊन ताकदीची बाटली लावून आणायचो.

त्या बाटलीचं आधी सांगून टाकते. 5 टक्के ग्लुकोजची 500 मिलीची सलाईन म्हणजे 25 ग्रॅम साखर, चहाचे पाच-सहा चमचे. पिवळी असली तर त्यात व्हिटॅमिनचं इंजेक्शन मिसळलेलं असते, तो रंग त्याचाच. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर सलाईन जीव वाचवते, तिला नाव नाही ठेवत, पण ट्रीटमेंटनंतर गेलेली ताकद त्या बाटलीत नसते. आम्ही सात-आठ लावल्या असतील.

फरक कळला तो फॉलोअपच्या दिवशी. तिथल्या फिजिओथेरपीच्या ताईंनी दोघांनाही बिनहाताच्या खुर्चीवर बसवलं, म्हणाल्या हात छातीशी धरा अन् अर्ध्या मिनिटात जितक्यांदा उभं राहता येईल तितक्यांदा उठा-बसा. मामाजी एकदाही उठले नाहीत, हात टेकल्याशिवाय बूडच हलेना, हसायला लागले स्वतःवरच. जाऊबाई चौदा वेळा उठल्या. मी मनात म्हटलं पाह्य, यांना तर काहीच झालं नाही. तर त्या खाली बसल्या अन् म्हणाल्या, "हे जमते मले ताई, पण आता घरी गेली का दोन दिवस मी कोणाच्या कामाची नाही."

मामाजींची ती कमजोरी. अन् जाऊबाईंचा तो थकवा.

कमजोरी म्हणजे मांस गेलं, साधी गोष्ट. रेडिएशननं तोंड सोललं, गिळवेना, चौदा किलो वजन उतरलं अन् त्यात चरबीबरोबर मांड्यांचं, दंडाचं मांसही गेलं, वरून आम्ही बाजेवरून उठू दिलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं अंग पडून राहिलं की फार लवकर उतरते, चांगली धडधाकट म्हातारी माणसंही दहा दिवस अंथरुणात ठेवली तर पायांचं किलोभर मांस जाते असं मोजून पाहिलेलं आहे. ही कमजोरी कुठं दिसते तर ठरलेल्या जागी दिसते, संडासात बसल्यावर उठता न येणं, एसटीची पहिली पायरी, पाण्याचा गुंड, बाजेवरून उठताना दोरी धरावी लागणं. डोकं मात्र साफ असते. मामाजी दिवसभर बाजेवर, पण कापसाला काय भाव निघाला, कोणाच्या वावरात रानडुकरं शिरली, सगळी खबर त्यांच्याकडे. अन् थोडं बसलं की पुन्हा चार पावलं चालता येते.

थकव्याचं तसं नाही. थकवा कामाच्या हिशोबानं येतच नाही, हीच त्याची मोठी ओळख. जाऊबाई साडी नेसता नेसता मधेच पलंगावर बसायच्या, निऱ्या हातात तशाच. रात्रभर झोपून सकाळी उठल्या तरी चेहरा असा की कापूस वेचून आल्या. वरणात दोनदा मीठ, गॅसवर दूध ठेवून विसरणं, बोलता बोलता शब्दच न सापडणं. वजन चांगलं, केसही परत आलेले, म्हणून गावातल्या बाया काय बोलल्या ते इथं लिहीत नाही, पण "दिसते तर चांगली" एवढं मीही एकदा बोलून गेले अन् ते वाक्य मला अजून टोचते. आराम केला की जातो तो साधा शीण. आराम करूनही जात नाही तो हा. डॉक्टर लोक याला कॅन्सरचा थकवा असंच वेगळं धरतात, अन् शून्य ते दहात किती म्हणून विचारतात, चार किंवा वर सांगितलं तर पुढची चौकशी करायची असते. आपल्याकडे कोणी विचारलं नाही तर आपणच नंबर सांगायचा, "बरं आहे" म्हणून नाही यायचं.

का होतो याचं एकच कारण नाही. ट्रीटमेंटनं अंगात एक बारीक सूज धुमसत राहते म्हणतात, झोप मोडते, जाऊबाईंची तर केमोनं पाळीच बंद पडली अन् रात्री अंगातून वाफा, मग झोप कुठची, वरून पोरीच्या लग्नाची अन् परत तर नाही ना येणार याची काळजी. रेडिएशनचा थकवा आठवड्या-आठवड्यानं चढतो, शेवटाला जास्त असतो अन् मग हळूहळू उतरतो. केमोनंतरचा काहींना महिनोन्महिने राहतो, काहींना वर्षंही.

आता उपाय, अन् इथंच सगळ्यात जास्त चुकते. मामाजींना लागत होतं प्रोटीन अन् जोर लावायचा व्यायाम. किलोमागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रोटीन धरतात, पन्नास किलोच्या माणसाला 50 ते 75 ग्रॅम, अन् आम्ही देत होतो साबुदाण्याची खीर अन् मोसंबीचा रस! 100 ग्रॅम तुरीच्या डाळीत 22 ग्रॅमच्या आसपास असते, एका अंड्यात सहा, अन् सोयाबीनच्या वड्यांत तर वजनाच्या निम्मं, आपल्या वावरात सोयाबीन पिकते अन् आपण ते सगळं विकून मोकळे होतो. तोंड पुरतं उघडत नव्हतं, तिखट झोंबायचं, म्हणून घट्ट वरणात अंडं कुस्करून, पातळ चून म्हणजे पिठलं, वड्या भिजवून मिक्सरमधून काढून. किडनीचा त्रास असंल तर प्रोटीन आधी विचारूनच वाढवायचं. व्यायाम तोच, खुर्चीवरून उठणं-बसणं, आधी खुर्चीवर दोन उशा ठेवून उंच करून, मग एक, मग बिनउशीचं.

जाऊबाईंना खाऊ घालून काही होणार नव्हतं. त्यांचं औषध चालणं, अन् हे कोणाला पटतच नाही, थकलेल्या बाईला चालवता काय म्हणून आत्याजी, म्हणजे सासूबाई, माझ्यावर आठ दिवस रुसल्या. पण या थकव्यावर सगळ्यात भरवशाचं काही सापडलं असंल तर ते हेच आहे, 2019 साली छापून आलेल्या तज्ज्ञांच्या शिफारशीत आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास, साधारण बारा आठवडे, असं दिलेलं आहे. सुरुवात मात्र अर्ध्या तासानं करायची नाही. आम्ही पांदणीनं पहिल्या कडुनिंबापर्यंत गेलो, पाच मिनिटं, अन् परत. मे महिन्यात आपल्याकडं ऊन पंचेचाळीसच्या वर जाते म्हणून पहाटे साडेपाचला.

दुसरी गोष्ट, चांगल्या दिवशी हावरेपणा करायचा नाही. एक दिवस बरं वाटलं की त्या पापड, कपडे, सारवण सगळं एकदम काढायच्या अन् पुढचे तीन दिवस आडव्या. आता काम वाटून ठेवतात, स्वयंपाक बसून चिरून, कपडे एक दिवसाआड. दुपारची झोप अर्धा तास, त्यावर मी उठवते, शिव्या खाते. छातीच्या कॅन्सरनंतर त्या बाजूच्या हाताला सूज येईल म्हणून वजनच उचलायचं नाही असं सांगतात, तेही आता तसं राहिलं नाही, हळूहळू वाढवत नेलं अन् कोणी नीट शिकवलं तर चालते.

पण हे सगळं करायच्या आधी रक्त तपासा, आम्ही नंतर तपासलं. हिमोग्लोबिन बाईचं 12 अन् पुरुषाचं 13 च्या खाली असंल तर दम तिथंच गेलेला असू शकते, अन् आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, बऱ्याच जणांना आहे म्हणून रक्त कमी दिसलं की मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून चालू करायच्या नाही, सिकलसेलची तपासणी झाली का ते विचारायचं. बी12, शुगर, थायरॉइड तेव्हाच करून घ्यायचं. अन् चालताना धाप लागली, पाय सुजले, रात्री उशीला टेकलं की श्वास कोंडला तर चालणं बंद करून सरळ डॉक्टर, कारण केमोची काही औषधं हृदयावर येतात. ताप असताना चालायचं नाही.

मामाजी चार महिन्यांत खुर्चीवरून नऊ वेळा उठायला लागले, वजनही वाढलं, अन् तरी मधेच गप्प होऊन गेले, थंडी वाजायची, कापसाचा भावही विचारेनात. आम्हाला वाटलं वय. थायरॉइडची रक्त तपासणी केली तर टीएसएच बरंच वाढलेलं, म्हणजे थायरॉइड मंद, मानेला रेडिएशन दिलेल्या बऱ्याच माणसांचं थायरॉइड नंतर मंदावते, कधी काही महिन्यांनी तर कधी वर्षांनी. म्हणजे कमजोरी जात होती अन् मागून हे दुसरं येत होतं अन् आम्ही दोन्हीला एकच नाव देऊन बसलो होतो. आता गोळी सुरू आहे, उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी. मामाजींना डोळे उघडल्या उघडल्या चहा लागते. त्यावरून रोज सकाळी भांडण होते, अन् भांडायची ताकद मात्र त्यांच्यात पुरी आली आहे.