साताऱ्याचा वारा आणि विजेचे कायदे: महाराष्ट्रातील अपारंपरिक विजेची पार्श्वभूमी

पाटण तालुक्यातलं वनकुसवड्याचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंचीवर आहे. खाली कोयनेचा जलाशय, वर कातळ आणि पावसाळ्यात माणसाला उभं राहू न देणारा वारा. हा वारा तिथे पूर्वापार वाहतो आहे. तरीही १९९८ पर्यंत अख्ख्या राज्यात पवनचक्क्या मोजक्याच होत्या. पुढच्या चार-पाच वर्षांत वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर या भागात त्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. वारा तोच होता आणि यंत्रंही रातोरात स्वस्त झाली नव्हती. बदलली होती ती करातली सवलत आणि सरकारचं धोरण. पुढच्या पंचवीस वर्षांत नियम बदलला, तसं काय उभं राहायचं, कुठे आणि कोणाच्या मालकीचं, हेही बदलत गेलं.

सुरुवात सत्तरच्या दशकातल्या तेलसंकटाने झाली. आयात तेलाचा बोजा पाहून केंद्राने १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमला. १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग आला आणि १९९२ मध्ये त्याचं मंत्रालय झालं. महाराष्ट्रात १९८५ मध्ये 'महाऊर्जा' ही राज्याची अपारंपरिक ऊर्जेसाठीची संस्था स्थापन झाली. १९८६ मध्ये देशातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प उभे राहिले त्यात गुजरात आणि तमिळनाडूबरोबर आपली रत्नागिरीही होती. तिथली यंत्रं अवघ्या ५५ किलोवॅटची, सरकारी पैशाने प्रात्यक्षिकासाठी लावलेली. त्यातून वारा मोजता आला, पण धंदा उभा राहिला नाही.

धंदा उभा केला तो घसाऱ्याने, म्हणजे यंत्राची किंमत खर्च म्हणून नफ्यातून वजा करण्याच्या सवलतीने. पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा दाखवण्याची मुभा आयकर कायद्यात होती. समजा, एखाद्या कंपनीला चांगला नफा झाला आणि तिने पाच कोटींची पवनचक्की घेतली. हे पाच कोटी त्याच वर्षी नफ्यातून वजा होत. कंपनीकराचा दर ३५ टक्के धरला तर पावणेदोन कोटींचा कर लगेच वाचे. त्यात आणखी एक बारकावा होता. यंत्र आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं, तर घसारा निम्माच मिळे. त्यामुळे सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर या दोन तारखांना पवनचक्क्या सुरू करून घेण्याची धावपळ असे. वाऱ्याचा हंगाम जून ते ऑगस्ट, पण यंत्रं सुरू व्हायची ती सनदी लेखापालांच्या कॅलेंडरवर. वीज किती होईल हा प्रश्न मागे पडला, कारण फायद्याचा मोठा वाटा पातं फिरण्याआधीच हातात आलेला असे. विजेशी काडीचा संबंध नसलेले उद्योग पवनचक्क्यांचे मालक झाले ते असे.

त्यावर महाराष्ट्र सरकारने १९९८ च्या धोरणात विक्रीकराच्या सवलतीची भर घातली. दोन्ही सवलती एकत्र आल्या आणि साताऱ्याचं पठार भरून गेलं. या पैशाने पुण्यात पवनऊर्जा उद्योग रुजला, १९९५ मध्ये सुरू झालेली सुझलॉन त्यातच मोठी झाली, हे श्रेय द्यायलाच हवं. पण धोरण लिहिताना पठारावर राहणाऱ्या माणसांचा विचार कोणी केला नव्हता. जमिनी दलालांमार्फत गेल्या. कवडीमोल भावाने गेल्या, ही तक्रार साताऱ्यात आणि धुळ्याच्या साक्री भागात आजही ऐकू येते. २००३-०४ च्या दुष्काळात 'पवनचक्क्या ढग पळवतात' अशी समजूत पसरली आणि गावंच्या गावं त्यांच्या विरोधात गेली. या समजुतीला शास्त्रीय आधार नव्हता. पण माझ्या मते तो राग पावसापुरता नव्हता. डोक्यावर यंत्र फिरतंय, वीज दुसरीकडे जातेय, नफा तिसरीकडे जातोय आणि गावात लोडशेडिंग आहे, याचा तो राग होता.

याच काळात खाली कोकणात दाभोळ वीजप्रकल्पाचं प्रकरण चिघळत होतं. एन्रॉनच्या कंपनीशी १९९३ मध्ये झालेला वीजखरेदी करार, डॉलरशी जोडलेली देणी, १९९९ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा आणि २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने थांबवलेली खरेदी, हे सगळं मराठी वाचकाला माहीत आहे. अपारंपरिक विजेच्या गोष्टीत दाभोळला जागा आहे ती एका कारणासाठी. विजेचा दर बंद खोलीत ठरला की काय होतं, हे राज्याने तिथे पाहिलं. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. तेव्हापासून दराचा प्रस्ताव जाहीर करून हरकती आणि सुनावणी घेण्याची पद्धत इथे रुजली. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी त्या सुनावण्यांत आकडेवारीनिशी उभं राहायला सुरुवात केली.

मग विद्युत कायदा २००३ आला, १० जून २००३ पासून लागू झाला. औष्णिक असो वा पवन, वीजनिर्मितीसाठी परवान्याची गरज उरली नाही. दुसऱ्याच्या तारांवरून आपली वीज नेण्याचा हक्क, म्हणजे ओपन ॲक्सेस, कायद्यात आला. आणि कलम ८६(१)(ई) ने राज्य आयोगांवर थेट जबाबदारी टाकली: अपारंपरिक विजेला चालना द्या, ग्रिडशी, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याशी, जोडणी द्या, आणि वितरण कंपन्यांनी अशी वीज किती टक्के घ्यायची ते ठरवून द्या. आज छतावरच्या पॅनेलपासून राजस्थानातल्या सौर उद्यानांपर्यंत जे काही दिसतं, त्याचा बराचसा कायदेशीर पाया या एका कलमात आहे.

महाराष्ट्राच्या आयोगाने २४ नोव्हेंबर २००३ रोजी नव्या पवन प्रकल्पांचा दर ठरवला: पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे, दरवर्षी १५ पैसे वाढ, १३ वर्षांसाठी. तेराव्या वर्षी दर ५ रुपये ३० पैशांवर जाणार हे पहिल्या दिवशीच माहीत. बँकेला कर्ज द्यायला याहून जास्त काही लागत नाही. पुढे धुळ्यात ब्राह्मणवेल आणि सांगलीत ढालगावच्या परिसरात मोठे प्रकल्प झाले ते या दरावर. २००६ च्या आदेशाने खरेदीची सक्ती आली: २००६-०७ मध्ये एकूण विजेच्या ३ टक्के, नंतर दरवर्षी एक टक्का वाढवत २००९-१० मध्ये ६ टक्के.

ज्या राज्यात वारा नाही आणि ऊनही बेताचं, त्याने ही सक्ती कशी पाळायची? त्यासाठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१० मध्ये प्रमाणपत्रांचा बाजार काढला. विजेचा 'हरित' गुण कागदावर वेगळा करून वीज बाजारात विकायचा. कल्पना चांगली होती. पण बहुतेक राज्यांत वितरण कंपन्यांनी सक्ती पाळली नाही, आयोगांनी दंड केला नाही आणि प्रमाणपत्रं विकली न जाता साचत गेली. मोठ्या उद्योगांनी तर ही सक्ती आपल्याला लागूच नाही म्हणून न्यायालय गाठलं. हिंदुस्थान झिंकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये सांगितलं की स्वतःसाठी वीज बनवणाऱ्या आणि ओपन ॲक्सेसने घेणाऱ्या उद्योगांनाही ती लागू आहे. कायदा झाल्यापासून हे ठरायला बारा वर्षं लागली.

दरम्यान घसाऱ्याचं काय झालं? २००२ मध्ये तो ८० टक्के झाला होता. डिसेंबर २००९ मध्ये केंद्राने दुसरा पर्याय दिला: घसारा नको असेल तर ग्रिडमध्ये दिलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे घ्या. यंत्र उभारण्याऐवजी वीज देण्याला पैसे, हा बदल योग्यच होता. मात्र एप्रिल २०१२ पासून दोन्ही सवलती एकदमच बंद झाल्या. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३२०० मेगावॅट पवनऊर्जा वाढली होती, पुढच्या वर्षी ती १७०० वर आली. नंतर ५० पैसे परत आले, २०१४ मध्ये घसारा परत आला, २०१७ मध्ये तो ४० टक्के झाला. कारखाना काढणाऱ्याला दहा वर्षांचा अंदाज लागतो. इथे पुढच्या अर्थसंकल्पापलीकडचं दिसत नव्हतं.

सौर ऊर्जेने वेगळी वाट धरली. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं, तेव्हा केंद्रीय आयोगाने काढलेला दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे होता. सरकारने तो तसाच न देता उलट्या बोली मागवल्या, म्हणजे सर्वांत कमी दर सांगेल त्याला प्रकल्प, आणि त्याच वर्षाअखेर बोली १०.९५ पर्यंत उतरली. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्यात ती २.४४ वर गेली. पॅनेल जगभर स्वस्त झाले हे खरंच. पण जमीन आणि जोडणी आधीच तयार असणं, २५ वर्षांचा करार आणि पैसे बुडणार नाहीत असा केंद्रीय खरेदीदार, यांनीही कर्ज स्वस्त केलं.

हे यश पाहून पवनऊर्जेलाही फेब्रुवारी २०१७ मध्ये लिलावात उतरवलं गेलं. पहिली बोली ३.४६, त्याच ऑक्टोबरात २.६४. ग्राहकाच्या दृष्टीने उत्तम. पण केवळ दरावर लिलाव झाला की प्रकल्प सर्वांत जोरदार वाऱ्याकडे आणि सर्वांत सोप्या जमिनीकडे जातो, म्हणजे कच्छकडे आणि तमिळनाडूकडे. आंतरराज्य वहनशुल्क माफ असल्याने तिथली वीज मुंबईत आणणंही परवडू लागलं. सह्याद्रीवरचे तुकड्या-तुकड्यांचे गट, वनजमीन आणि घाटरस्ते यांना त्या दरात जागाच नव्हती. महाराष्ट्राची पवनऊर्जा मार्च २०१७ मध्ये सुमारे ४७७० मेगावॅट होती, सहा वर्षांनी ती ५००० च्या आसपासच होती. पश्चिम घाटाच्या दृष्टीने हा थांबा बरा झाला असंही म्हणता येईल, आणि मला ते काही अंशी पटतं.

राज्याला स्वतःचं उत्तर सापडलं ते शेतीच्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनातून शेतीपंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीवर. आपल्याकडे कृषिपंपांना थ्री-फेज वीज आलटूनपालटून मिळत आली आहे, एक आठवडा दिवसा आठ तास तर एक आठवडा रात्री. थंडीत रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जाणं, विंचू-सापाची आणि जुन्नर-संगमनेरकडे बिबट्याची भीती, हे ज्याने केलंय त्याला दिवसाच्या विजेचं मोल सांगावं लागत नाही. दुसरीकडे या विजेची सवलत उद्योगांच्या बिलातून आणि सरकारी अनुदानातून भरून काढावी लागते. २०१७ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने दोन्ही दुखणी एकत्र धरली. गावाजवळच्या सबस्टेशनलगत काही मेगावॅटचा सौर प्रकल्प लावायचा, त्याची वीज तिथल्याच ११ केव्ही शेती फीडरवर द्यायची. ऊन असतं तेव्हाच पंप चालतात, त्यामुळे साठवणूक लागत नाही, आणि लांबच्या वहनातली गळतीही टळते. राळेगणसिद्धी सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक. पहिली काही वर्षं काम रखडलं, कारण जमीन मिळत नव्हती. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला त्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते. वनकुसवड्यात जे झालं नव्हतं ते इथे कागदावर आलं.

छतावरच्या विजेचा इतिहास छोटा आहे, पण सांगण्याजोगा. २०१९ मध्ये राज्याच्या वीज आयोगाच्या मसुद्यात नेट मीटरिंगला, म्हणजे छतावरून ग्रिडला दिलेली वीज आपल्या बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीला, मर्यादा घालण्याचा प्रस्ताव होता. मोठ्या संख्येने हरकती गेल्या आणि वर्षअखेरच्या अंतिम विनियमांत नेट मीटरिंग टिकलं. दाभोळनंतर रुजलेली सुनावणीची सवय तिथे कामी आली.

आता साताऱ्याच्या पठारावर पुढचा प्रश्न उभा आहे. २००३ च्या दरावर झालेले तेरा वर्षांचे करार संपले आहेत आणि जुन्या यंत्रांची वीज कोणत्या भावाने घ्यायची यावर वाद झाले. राज्यातल्या सर्वांत चांगल्या वाऱ्याच्या जागांवर आजही शेकडो किलोवॅटची लहान, जुनी यंत्रं आहेत. आजचं एक यंत्र दोन-तीन मेगावॅटचं असतं, तेव्हा कमी खांबांत कितीतरी जास्त वीज होईल. केंद्राने यासाठी २०१६ मध्ये धोरण काढलं, २०२३ मध्ये ते सुधारलं. पण घसाऱ्यासाठी घेतलेल्या त्या यंत्रांचे मालक एकाच टेकडीवर अनेक आहेत, आणि मोठं यंत्र लावायचं तर त्यांची यंत्रं, जागा आणि ग्रिडजोडणीतले वाटे एकत्र करावे लागतात. ते कसे करायचे, आणि त्या वेळी पठारावरच्या गावांना वाटा किती, याचा स्पष्ट नियम राज्याला लिहावा लागेल.