लिंक क्लिकच होत नाही, की पान येत नाही? दोन वेगळी दुखणी आहेत ही

‘मेलमधली लिंक उघडत नाहीये’ असं कुणी म्हटलं की समोरचा ‘कॅशे (ब्राउझरनं साठवून ठेवलेला जुना डेटा) क्लिअर कर’ सांगून मोकळा होतो, आणि बऱ्याचदा त्याचा काडीचा उपयोग होत नाही, कारण या एकाच तक्रारीत दोन वेगळ्या भानगडी असतात. एकीत क्लिक मेलच्या बाहेरच पडत नाही. दुसरीत ब्राउझर उघडतो, लोडिंगचं चक्र फिरतं, पण पान काही येत नाही. कॅशेचा संबंध आलाच तर दुसरीशी, पहिलीशी अजिबात नाही.

ओळखायचं कसं, तर लिंकवर राइट क्लिक करून (मोबाइलवर बोट दाबून धरून) ती कॉपी करा आणि ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये पेस्ट करा. उघडली तर लिंक ठणठणीत आहे, लोचा मेल अ‍ॅपमध्ये किंवा विंडोजमध्ये. तिथंही नाही उघडली तर लिंकमध्ये किंवा नेटवर्कमध्ये. हे अर्थात मेल ओळखीचा असेल तरच करायचं, ‘आज रात्री तुमची वीज कापू’ छाप मेलच्या लिंका टेस्ट करत बसू नका, सरळ डिलीट मारा.

आता पहिली भानगड. क्लासिक आउटलुकमध्ये क्लिक केल्यावर ‘धिस ऑपरेशन हॅज बीन कॅन्सल्ड ड्यू टू रिस्ट्रिक्शन्स…’ असं काहीतरी येतं आणि खाली सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला भेटा म्हणतं. घरच्या लॅपटॉपवर कुठला आलाय अ‍ॅडमिनिस्ट्रेटर! बहुतेक वेळा झालेलं एवढंच असतं की कुणीतरी क्रोम टाकून परत काढलेलं असतं, आणि वेबची लिंक कुठल्या प्रोग्रॅमकडे पाठवायची ही विंडोजमधली नोंद अर्धवट राहिलेली असते. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स इथं जाऊन तुमचा ब्राउझर निवडा, आणि एचटीटीपी, एचटीटीपीएस, डॉट एचटीएम, डॉट एचटीएमएल या चारहींसमोर त्याचंच नाव आहे ना ते बघा, मग आउटलुक बंद करून परत उघडा. मेल जंक फोल्डरमध्ये पडला असेल तर आउटलुक लिंका मुद्दामच बंद ठेवतं, तो बिघाड नाही, खात्रीचा मेल असेल तर इनबॉक्समध्ये आणला की चालतात. आणि अँड्रॉइडवर क्लिक केल्यावर अ‍ॅपच धाडकन बंद होत असेल तर प्ले स्टोअरमधून अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू (अ‍ॅपच्या आतच वेबपान दाखवणारा भाग) अपडेट करून बघा, मार्च २०२१ मध्ये याच वेबव्ह्यूच्या गडबडीनं जीमेलसकट ढीगभर अ‍ॅप्स जगभर कोसळत होती.

दुसरी भानगड जास्त फसवी, कारण चूक वेबसाइटचीच वाटते. साध्या टेक्स्टमधल्या मेलमध्ये ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवायची शिफारस आहे, त्यामुळे लांबलचक लिंक काही वेळा मधेच तुटून दोन ओळींत जाते. नीट बघितलं तर पहिली ओळ निळी, अधोरेखित असते आणि उरलेलं शेपूट काळं. क्लिक केलं की अर्धाच पत्ता जातो आणि ४०४ (म्हणजे पान सापडलं नाही) येतो, आणि राइट क्लिकनं कॉपी केली तरी तोच अर्धा पत्ता येतो, त्यामुळे वरच्या टेस्टमध्येही ती उघडत नाही. दोन्ही ओळी हातानं सिलेक्ट करून, मधे स्पेस न ठेवता जोडायच्या. कधी कधी उलटंही होतं, वाक्याचा पूर्णविराम किंवा कंस लिंकला चिकटून जातो, तो खोडला की पान उघडतं.

पासवर्ड रिसेटची लिंक ‘आधीच वापरली आहे’ म्हणते आणि तुम्ही तर पहिल्यांदाच दाबलेली असते, याची दोन कारणं. एक, ‘पुन्हा पाठवा’ चारदा दाबलं आणि क्लिक जुन्या मेलमधल्या लिंकवर केलं, बहुतेक ठिकाणी शेवटची लिंकच चालते. दोन, ऑफिसचा मेल असेल तर सिक्युरिटी स्कॅनर तुमच्या आधी लिंक उघडून बघतो, आणि ती एकदाच चालणारी असेल तर तिथंच खर्ची पडते. मायक्रोसॉफ्टचं सेफ लिंक्स हे असंच लिंका तपासणारं साधन बऱ्याचदा पत्ताच बदलून टाकतं, काही अ‍ॅप्समध्ये लिंकवर माउस नेला की त्यात ‘सेफलिंक्स’ दिसतं. अशा वेळी नवी लिंक मागवून फार फरक पडत नाही, तीही स्कॅनरच आधी उघडणार, म्हणून कोड टाकायचा पर्याय असेल तर तो घ्या, नाहीतर आयटीवाल्यांना ती साइट सूट यादीत टाकायला सांगा.

न्यूजलेटरच्या लिंका तेवढ्या उघडत नसतील आणि बाकी सगळं नेट चालू असेल तर तुमच्या अ‍ॅड ब्लॉकरवर किंवा प्रायव्हेट डीएनएसवर (साइटचा पत्ता शोधून देणारी, फोनमध्ये निवडता येणारी सेवा) माझा पहिला संशय. त्या लिंका आधी ट्रॅकिंगच्या (कुणी क्लिक केलं ते मोजणाऱ्या) पत्त्यावरून जातात आणि ब्लॉकर तोच पत्ता अडवतो, म्हणून ‘साइट सापडत नाही’ येतं. ब्लॉकर मिनिटभर बंद करून बघा.

आणि काही लिंका खरोखरच मेलेल्या असतात. शेवटी पेज डॉट लिंक असलेल्या गूगलच्या फायरबेस डायनॅमिक लिंक्स २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाल्या, त्याच सुमारास गू डॉट जीएलच्या बिनवापरातल्या छोट्या लिंकाही गेल्या. जुन्या मेलमधलं आमंत्रण किंवा फॉर्म यातलं असेल तर ब्राउझर बदलून, फोन रीस्टार्ट करून काही होणार नाही, पाठवणाऱ्याकडून मूळ पानाचा पत्ता मागून घ्या.