‘शंभर टक्के संशोधनाला’: एका वचनाची पार्श्वभूमी

कर्करोग संशोधनासाठी निघणाऱ्या कुठल्याही मोठ्या सायकल राइडचे पत्रक हातात घ्या, बहुतेक वेळा एक ओळ ठळक अक्षरांत दिसेल: सायकलस्वारांनी जमवलेल्या निधीतील शंभर टक्के रक्कम संशोधनाला. ही ओळ आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती पहिल्यापासूनच असणार असे वाटते. तसे नाही. सुरुवातीच्या काळात खर्चाच्या हिशेबाची फारशी चर्चा होत नसे. मग एका वेगळ्याच आजारासाठीच्या राइडवरून वादळ उठले आणि त्यानंतर हिशेब विचारल्याशिवाय देणगीदार खिशात हात घालेनासा झाला. या वचनाने पुढे खूप पैसा उभा केला. एका मोठ्या उपक्रमाला त्यानेच अडचणीतही आणले.

लांब पल्ल्याची सायकलस्वारी दानाच्या कल्पनेपेक्षा बरीच जुनी आहे. १८८४ मध्ये एक जण उंच चाकाच्या सायकलवरून सॅन फ्रान्सिस्कोहून जगप्रदक्षिणेला निघाला होता. पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत १८९१ ची. अंतर कापणे हेच तिथे ईप्सित होते, कुणासाठी कापायचे हा प्रश्न नव्हता. दुसरीकडे कर्करोगासाठी सामान्य माणसाकडून पैसे गोळा करण्याची रीत रुजली ती रेडिओवरून. १९४८ च्या मे महिन्यात बोस्टनमधल्या रुग्णालयातील खाटेवरून बारा वर्षांचा एक मुलगा बेसबॉल खेळाडूंशी बोलला, ते देशभर ऐकू गेले आणि दोन लाखांहून अधिक डॉलर जमले. त्याच शहरात बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषधाने पहिला, जरी तात्पुरता, उतार पडलेला दिसू लागला होता. १९७१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने कर्करोगविरोधी कायदा करून सरकारी तिजोरी उघडली.

हे दोन प्रवाह एकत्र आले १९८० मध्ये. त्या वर्षी १२ एप्रिलला कॅनडाच्या पूर्व टोकावरून, सेंट जॉन्सहून, एक तरुण कृत्रिम पायावर धावत निघाला. हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला होता. रोज जवळजवळ मॅरेथॉनइतके अंतर, असे १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले, कारण कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला. दर कॅनेडियन माणसामागे एक डॉलर, हे त्याने मागितले होते आणि ते त्याच्या हयातीत पूर्ण झाले. तो सायकलस्वार नव्हता, तरीही या लेखात त्याला वगळता येत नाही. रस्ता, शरीराचे कष्ट आणि संशोधनाला पैसा ही तीन टोके त्याने ज्या घट्टपणे एकत्र बांधली, ती गाठ आजही तशीच आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ३६ जण स्प्रिंगफील्डहून सायकलवर निघाले आणि केप कॉडच्या टोकाला, प्रॉव्हिन्सटाउनला पोहोचले. ज्याने त्यांना गोळा केले त्याची आई काही वर्षांपूर्वी त्वचेच्या कर्करोगाने गेली होती, वयाच्या पन्नाशीच्या आत. जमले १०,२०० डॉलर, आणि ते गेले बोस्टनच्या एका कर्करोग संस्थेला. लंडन–ब्रायटन राइडनेही १९८० पासूनच एका संस्थेशी नाते जोडले, पण ते हृदयविकारासाठी. त्या पहिल्या वर्षांच्या वर्णनांत मित्र, नातेवाईक, चुकलेली वळणे आणि घरून आणलेले खाणे सापडते. खर्चच नव्हता, तेव्हा त्याचा वाद कशाला होईल?

वाद आला तो १९९४ नंतर. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी सात दिवसांची राइड सुरू झाली, एड्सग्रस्तांसाठी. ती चालवत होती एक खासगी कंपनी. तंबूंची शहरे, गरम पाण्याचे फिरते स्नानगृह, वैद्यकीय पथके, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती, आणि प्रत्येक सहभागी माणसावर किमान निधी जमवण्याची अट. आज ज्याला आपण धर्मादाय राइड म्हणतो त्याचा साचा इथे तयार झाला. १९९८ पासून याच कंपनीने स्तनाच्या कर्करोगासाठी तीन दिवसांच्या पदयात्राही काढल्या. पैसा प्रचंड जमला. पण काही राइड्समध्ये जमलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी रक्कम संस्थांच्या हाती पडली, आणि हे आकडे छापून आले तेव्हा लोक संतापले. २००२ मध्ये कंपनी बंद पडली.

कंपनीची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती, हे मला आवर्जून सांगायचे आहे. खर्च केलाच नसता तर ते लोक आले नसते आणि तो पैसाही आला नसता. मोठ्या भाकरीचा अर्धा भाग हा छोट्या भाकरीच्या नऊ-दशांशापेक्षा जास्त भरतो, हा तिचा युक्तिवाद. कंपनीचा संस्थापक पुढे अनेक वर्षे जाहीर भाषणांतून तो मांडत राहिला. पण ज्या बाईने शेजारणीकडून, ऑफिसातल्या सहकाऱ्यांकडून शंभर-शंभर डॉलर मागितले होते, तिला त्या सगळ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा होता. तिच्यासाठी प्रश्न अर्थशास्त्राचा नव्हता, शब्दाचा होता.

दरम्यान ‘संशोधन’ या शब्दाचीही ओढाताण सुरू झाली. वृषणाच्या कर्करोगातून बरा झालेल्या एका अमेरिकी व्यावसायिक सायकलपटूने १९९७ मध्ये प्रतिष्ठान काढले. २००४ च्या मेमध्ये त्याच्या मनगटात घालायच्या पिवळ्या रबरी कड्या एक डॉलरला विकायला आल्या आणि आठ कोटींहून जास्त खपल्या. ती कडी घालणाऱ्या असंख्य लोकांची समजूत होती की त्यांचा डॉलर प्रयोगशाळेत गेला. प्रतिष्ठानाने सुरुवातीला संशोधनाला अनुदाने दिली खरी, पण २००५ च्या सुमारास नवी अनुदाने थांबवून आपले लक्ष रुग्णांना मदत, माहिती आणि आजारानंतरचे जगणे याकडे वळवले. ते काम मोलाचेच आहे. रुग्णाला विम्याचे कागद समजावून सांगणारा माणूसही लागतोच. पण ते संशोधन नव्हे, आणि हा फरक लोकांपर्यंत पुरेसा पोहोचला नाही. २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात त्या सायकलपटूची टूर द फ्रान्स या प्रख्यात सायकल शर्यतीतली सातही विजेतेपदे काढून घेतली गेली. त्या गदारोळात हा साधा प्रश्न आणखीच मागे पडला.

आता युरोपकडे येऊ. २००२ मध्ये डेन्मार्कमधल्या एका फळरस कंपनीचे अकरा हौशी सायकलस्वार पॅरिसला निघाले, टूर द फ्रान्सचा शेवट बघायला. प्रायोजकांनी इतकी मदत केली की परत आल्यावर ३८,००० क्रोनर शिल्लक उरले, आणि ते त्यांनी ओडेन्सेच्या रुग्णालयातील कर्करोगग्रस्त मुलांच्या विभागाला देऊन टाकले. दान करायला ते निघालेच नव्हते. त्या शिल्लक पैशांतून पुढे उत्तर युरोपातल्या अनेक देशांत पसरलेली वार्षिक मोहीम उभी राहिली.

मात्र सगळ्यात ठोस वचन दिले ते डच लोकांनी. फ्रान्समधल्या आल्प द्युएझ घाटाला सायकलच्या दुनियेत ‘डचांचा डोंगर’ म्हणतात, कारण टूरच्या जुन्या काळात त्यांच्या खेळाडूंनी तिथे वारंवार बाजी मारली. घाट १३.८ किलोमीटरचा, वळणे २१, माथा १,८६० मीटरवर. २००६ मध्ये ६६ जणांनी ठरवले की हा घाट एका दिवसात सहा वेळा चढायचा आणि कर्करोगासाठी पैसे जमवायचे. सहा वेळा म्हणजे ८२ किलोमीटरहून जास्त निव्वळ चढ. जूनमध्ये पहाटे साडेचारच्या सुमारास, अंधारातच, पहिली चढाई सुरू होते. वळणांवर मेणबत्त्या लावलेल्या असतात, कुणासाठी चढतो आहोत त्यांची नावे लिहिलेल्या. पहिल्या चढाईला सायकलस्वारांचा आवाज फारसा नसतो. चेन फिरत असते आणि श्वास ऐकू येतो. दुपारपर्यंत त्याच वळणांवर घोषणा, गाणी आणि रडणे सगळे एकदम चाललेले असते.

२०१२ मध्ये या एका घाटावरून ३.२ कोटी युरोंहून अधिक रक्कम उभी राहिली. त्यामागचे तत्त्व डच भाषेतल्या एका वाक्प्रचारावर उभे होते. देणगीतला जो भाग मध्येच कुणाच्या तरी हाती राहतो त्याला तिथे ‘व्हायोलिनच्या गजाला चिकटून राहिलेले’ म्हणतात. आपल्याकडची ‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण अगदी त्याच अनुभवातून आलेली. आयोजकांनी जाहीर केले की आमच्या गजाला काहीही चिकटणार नाही. सगळे काम स्वयंसेवक करतील, प्रवास आणि मुक्काम प्रत्येक जण स्वतःच्या पैशाने करेल, आयोजनाचा खर्च प्रवेश शुल्क आणि प्रायोजक यांतून भागेल. जमलेला प्रत्येक युरो कर्करोगाच्या कामाला.

मग २०१३ मध्ये उघड झाले की संस्थापकांपैकी एकाने एका संलग्न संस्थेच्या कर्करोगविषयक कामासाठी मोबदला घेतला होता, दीड लाख युरोंहून अधिक, आणि तो पैसा मुळात याच निधीतून आलेला होता. आरोप चोरीचा नव्हता. काम झालेले होते आणि ते कर्करोगाचेच होते. इतर कुठल्याही संस्थेत ही बातमी आतल्या पानावर गेली असती. पण इथे वचन शून्याचे होते, आणि जिथे वचन शून्याचे असते तिथे एक युरोसुद्धा फसवणूक वाटतो. पुढच्या वर्षी सहभाग आणि निधी दोन्ही जोरात घसरले.

या प्रकरणाकडे मी अनेकदा परत येतो, कारण गुंता नेमका शब्दात आहे. ‘शंभर टक्के’ म्हणजे काय? रस्ता बंद करायला पोलीस लागतात, पाण्याच्या थांब्यांना माल लागतो, रुग्णवाहिका लागते, वेबसाइट लागते. हे सगळे फुकट होत नाही, फक्त त्याचे पैसे दुसऱ्या डब्यातून येतात. नोंदणी शुल्क एका डब्यात, प्रायोजकांचे पैसे त्याच डब्यात, देणग्या वेगळ्या डब्यात. केप कॉडच्या त्या अमेरिकी राइडने २००७ पासून याच रीतीने देणगीतला प्रत्येक डॉलर संस्थेला द्यायला सुरुवात केली आणि ते वचन आजपर्यंत पाळले. हिशेब खरा आहे. पण प्रायोजकाने खर्चाच्या डब्यात टाकलेला डॉलरही संशोधनाकडे जाऊ शकला असता, हेही तितकेच खरे आहे. ‘खर्च नाही’ आणि ‘खर्चाचे पैसे दुसऱ्याने दिले’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पत्रकावर दुसरे वाक्य छापले तर देणगीदार पळून जाईल, ही भीती मला अनाठायी वाटते. डचांच्या राइडने पहिले वाक्य छापले, आणि ते मोडल्यावर लोकांनी पाठ फिरवली.

एक अट मात्र १९९४ च्या साच्यातून जशीच्या तशी टिकली: किमान निधी. नोंदणी करतानाच क्रेडिट कार्डाचा क्रमांक द्यायचा, आणि ठरलेली रक्कम जमली नाही तर फरक स्वतःच्या खात्यातून कापला जाणार. ही अट कठोर आहे. ज्याच्या ओळखीपाळखीत पैसेवाले लोक नाहीत त्याला ती दारातच अडवते, आणि कर्करोगाशी सगळ्यात जवळून झुंजलेली कुटुंबे अनेकदा उपचारांनीच रिकामी झालेली असतात. २००८ मध्ये टोरांटोहून नायगाराकडे सुरू झालेल्या दोन दिवसांच्या राइडने हाच नियम घेतला. तिथे आजारातून उठलेले स्वार सायकलच्या मागे पिवळा झेंडा लावतात. मागून येणाऱ्याला आधी तो झेंडा हलताना दिसतो, मग माणूस. त्या झेंड्याला ओलांडून पुढे जाताना बहुतेक जण काही ना काही बोलतात.

विद्यार्थ्यांच्या राइड्स वेगळ्या वळणाच्या. २००२ मध्ये बाल्टिमोरहून सॅन फ्रान्सिस्कोकडे, २००४ मध्ये ऑस्टिनहून थेट अलास्कातील अँकरेजकडे. रोज वेगळे गाव, रात्री चर्चच्या किंवा शाळेच्या सभागृहात जमिनीवर झोपायचे, जेवण गावकरी देणार. इथे खर्चाचा प्रश्न फारसा डोके वर काढत नाही, कारण खर्च दिसतोच कमी. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात मार्गच काढून टाकला गेला: महिनाभर आपापल्या रस्त्यावर किलोमीटर मोजा आणि मुलांच्या कर्करोगासाठी देणग्या मागा. त्याच वर्षी एका मानसशास्त्रीय अभ्यासाने दाखवले की देणगीसाठी कष्ट आणि वेदना सोसाव्या लागणार असतील तर लोक जास्त देतात. सहा वेळा घाट चढणाऱ्यांना हे अभ्यासाशिवायच कळलेले होते.

पैसा प्रयोगशाळेत पोहोचल्यावर काय करतो, यावर मात्र फार कमी बोलले जाते. सरकारी अनुदान मागताना शास्त्रज्ञाला आधीच काही प्राथमिक निष्कर्ष हातात असावे लागतात, आणि ते निष्कर्ष मिळवायला लागणारा पैसा सरकार सहसा देत नाही. अमेरिकेत शास्त्रज्ञाला पहिले मोठे सरकारी अनुदान मिळेपर्यंत वयाची चाळिशी सरासरीने उलटलेली असते. राइडचा पैसा या फटीत बसतो. वर्ष-दोन वर्षांची छोटी अनुदाने, एखादी कल्पना नुसती तपासून बघायला, एखाद्या तरुण संशोधकाला टिकवून धरायला. २००९ मध्ये ओहायोतील कोलंबस शहरात सुरू झालेल्या राइडने अशा कल्पना-अनुदानांना वेगळे स्थान दिले आहे. त्यातल्या कित्येक कल्पना फसतात, आणि फसायलाच हव्यात. टक्क्यांच्या ओळीत हे कुठेच मावत नाही.

२०२० मध्ये साथीमुळे केप कॉडची राइड रस्त्यावर निघालीच नाही. प्रत्येकाने आपापल्या अंगणात, गच्चीवर, घरातल्या स्थिर सायकलवर पॅडल मारले. आदल्या वर्षी ६.३ कोटी डॉलर जमले होते, त्या वर्षी ५ कोटी. ना तंबू, ना पाण्याचे थांबे, ना बंद केलेले रस्ते. वचन तेच होते, शंभर टक्के. पुढच्या वर्षी लोक पुन्हा रस्त्यावर उतरले, आणि २०२४ च्या राइडमधून संस्थेला ७.५ कोटी डॉलर गेले.